पडद्यावरचा मामा

सन २०१९ च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी आमच्या तुमसरच्या घरी लहानथोर मिळून एकोणीस माणसे मुक्कामाला होती. दुपारची जेवणे आटोपली, पुरुषमंडळी पेंगू लागली आणि मुलांनी अंगणात क्रिकेट खेळताना शेजाऱ्यांच्या दोन कुंड्या फोडल्या, तेव्हा आमच्या धाकट्या सुनेने तोडगा काढला : सर्वांनी मिळून एखादा चित्रपट पाहावा. तिने 'नाळ' लावला. आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात तो प्रदर्शित झाला होता, आणि तीनच दिवसांपूर्वी, २३ डिसेंबरला, दिल्लीत राष्ट्रीय पारितोषिकांचा समारंभ झाला होता. त्यात पदार्पणातील सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा मान या चित्रपटाला व बालकलाकाराचे पारितोषिक त्यातल्या श्रीनिवास पोकळेला मिळाले होते. शिवाय बोली आपल्या विदर्भाची. एवढ्या शिफारशीनंतर नाही म्हणणार कोण?

आम्ही मात्र मनातून नाही म्हणत होतो. कथा काय आहे ते आम्ही वर्तमानपत्रात वाचले होते.

ज्यांनी तो चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नदीकाठच्या गावात आठ-नऊ वर्षांचा चैत्या आईबापांसह सुखाने वाढतो आहे. एके दिवशी पाहुणा आलेला मामा बोलता बोलता त्याला सांगून टाकतो की, ही तुझी खरी आई नव्हे. तू दत्तक आहेस. त्या क्षणापासून त्या पोराचे डोळे बदलतात. आई रागावली तर का रागावली, ताटात वाढले तर किती वाढले, हे सारे तो मोजू लागतो. जन्मदात्या आईकडे पळून जाण्याचे बेत करतो. पुढे घरातली म्हातारी आजी वारते, त्या निमित्ताने ती जन्मदाती येते, आणि त्याच्याशी फारसे काही न बोलता निघून जाते. मधूनमधून गोठ्यातली म्हैस दिसते. तिचे रेडकू मेले आहे आणि तिने पान्हा चोरू नये म्हणून पेंढा भरलेले रेडकू तिच्यासमोर उभे केले आहे. दिग्दर्शक सुधाकर रेड्डी यक्कंटी हे मुळात छायालेखक, 'सैराट'चा कॅमेरा त्यांचाच. त्यामुळे शब्दांवाचून पुष्कळ काही सांगण्याची त्यांना सवय.

आता आमच्या खोलीतील बैठक कशी होती तेही सांगणे भाग आहे. पलंगावर आमची थोरली बहीण, जिला आम्ही सारी भावंडे 'बाई' म्हणत असू. खाली चटईवर धाकटी बहीण, मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडीत. तुमसर ही धानाची पेठ, इथल्या बायकांचे हात रिकामे राहात नाहीत. दाराशी खुर्चीवर आमचा त्रेचाळीस वर्षांचा भाचा, बाईचा एकुलता एक मुलगा. तो धाकटीच्या पोटी जन्मला आणि बाईच्या घरी वाढला. खोलीतील प्रत्येक मोठ्या माणसाला हे ठाऊक होते, आणि भाच्याला ते ठाऊक नाही अशी प्रत्येकाची समजूत होती. ती समजूत चुकीची आहे हे जाणणारी माणसे तिथे दोनच होती : एक तो स्वतः आणि दुसरे आम्ही.

पडद्यावरच्या मामाने तोंड उघडले तेव्हा खोलीत क्षणभर सारे स्तब्ध झाले. सुपातल्या तांदळाचा आवाज थांबला. मग बाई उसासून म्हणाली, "काय मेला मामा आहे! लेकराले असं सांगतेत का?" आणि आमच्याकडे वळून मोठ्या विश्वासाने पुढे म्हणाली, "बरं झालं बाबू, आपल्या घरी असा मामा नाही."

दाराशी बसलेला भाचा मोठ्याने हसला. का हसला ते कोणालाच कळले नाही. आम्ही चष्मा पुसू लागलो.

चित्रपट संपल्यावर प्रत्येकाने आपापला निकाल दिला. ज्या सुनेने तो लावला ती सर्वाधिक रडली आणि डोळे पुसता पुसताच चहाला आधण ठेवायला गेली. पंधरा मिनिटांत तिच्या चेहऱ्यावर त्याची खूणही उरली नव्हती. आमचे चिरंजीव, जे पुण्यास नोकरी करतात, म्हणाले की चित्रपट संथ आहे आणि खेड्यातले दारिद्र्यसुद्धा यात फार देखणे दिसते. या म्हणण्यात तथ्य आहे, परंतु वर्षातून दोनदा गावी येणाऱ्या माणसाने ते म्हणावे याची आम्हांला गंमत वाटली. सहा वर्षांच्या नातीचा प्रश्न एकच होता : म्हशीला कळले का, की ते रेडकू खोटे आहे? तिला कोणी नीट उत्तर देऊ शकले नाही. बाईला शेवट मुळीच आवडला नाही. तिच्या मते सारा दोष मामाचा. तो नसता आला तर घर सुखात राहिले असते. एवढे बोलून ती पलंगावरून उतरली आणि कारण नसताना भाच्याच्या पाठीवरून हात फिरवून आत गेली.

धाकटी उशिरापर्यंत काही बोलली नाही. सून म्हणत होती, "सख्खी आई ना ती? एक शब्दसुद्धा बोलली नाही पोराशी! इतकं दगडाचं काळीज दाखवायला नको होतं." तेव्हा धाकटीने सूप बाजूला सारले व म्हटले, "तेवढंच त खरं दाखवलं." आणि निवडलेले तांदूळ डब्यात ओतायला उठली.

एकाच भिंतीवर एकच चित्र हलत असताना निरनिराळी माणसे निरनिराळे पाहतात, हा अनुभव आम्हांला नवा नव्हता. आमच्या आयुष्यातील पहिला चित्रपट होता 'श्यामची आई'. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या पुस्तकावर आचार्य अत्र्यांनी १९५३ साली तो काढला, आणि १९५४ साली पहिल्यावहिल्या राष्ट्रीय पारितोषिकांत त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. बिमल रॉय यांच्या 'दो बीघा जमीन'ला त्या वर्षी गुणवत्तेचे प्रशस्तिपत्र मिळाले, यावरून त्या पदकाची किंमत कळावी. आमच्या भागात तो पोहोचला १९५८ च्या सुमारास. सरकारी प्रसिद्धी खात्याची मोटार आली, मैदानात दोन बांबूंना पांढरा कपडा ताणला, आणि पुढे जागा न मिळालेल्या शेकडो लोकांनी कपड्याच्या मागे बसून तो उलटा पाहिला. आम्ही मागच्यांत होतो. वनमालाबाईंचा पदर आम्हांला उलट्या खांद्यावर दिसला, आणि माधव वझे यांचा श्याम सदा डावखुरा वाटला.

श्यामची आई पालगडची, कोकणातली ब्राह्मण स्त्री. आमचे घर ख्रिस्ती, मँगनीज खाणीच्या चाळीतले. तिची सोवळीओवळी, तिची व्रते यांचा आम्हांला गंध नव्हता. परंतु पायांना माती लागू नये म्हणून ओला पदर दगडावर पसरणारी आई कोणाला परकी वाटेल? आमची आई त्या प्रसंगी नव्हे, तर श्याम पोहायला घाबरून लपतो आणि आई त्याला काठी घेऊन हाकलते तेव्हा पोट धरून हसली. आजूबाजूला लोक मुसमुसत होते. "ही बाई माझ्यावानी आहे," असे ती म्हणाली, आणि त्यानंतर आठवडाभर आम्हांला कोणत्याही कामाला ढकलताना श्यामच्या आईचा हवाला देऊ लागली.

वडील शेवट होण्याआधीच उठून गेले. त्यांना करमणुकीची आवड नाही असा आम्ही अर्थ लावला. पुढे पुष्कळ वर्षांनी कळले की ते अनाथालयात वाढले होते. आपल्या आईचा चेहरा त्यांना आठवत नसे. मैदानातील सारी माणसे एका मरणाऱ्या आईसाठी अश्रू ढाळीत असताना, जिच्यासाठी रडावे अशी एकही आठवण ज्याच्यापाशी नाही त्याने करावे काय? दुसऱ्या दिवशी शाळेत गुरुजींनी त्या चित्रपटावर निबंध लिहायला सांगितला. सर्वांनी 'आम्ही फार रडलो' असे लिहिले. एका मुलाने मात्र लिहिले की मी रडलो नाही, कारण माझी आई मारते आणि मग वळ पाहून रडत नाही. गुरुजींनी त्याला उभे करून निबंध पुन्हा लिहायला लावला. आम्ही पुढे स्वतः चौतीस वर्षे मराठी शिकवले, आणि त्या पोराचा निबंध हाच त्या वर्गातला एकमेव निबंध होता हे समजायला आम्हांला त्यातली बरीच वर्षे लागली.

असो. आता ज्यासाठी हे लिहावयास घेतले त्याकडे वळतो.

१९७६ साली धाकटीला तिसरा मुलगा झाला. बाईच्या लग्नाला तोवर चौदा वर्षे होऊन गेली होती आणि तिचा पाळणा हलला नव्हता. तिचे यजमान चिखल्याच्या खाणीत भूमिगत कामावर होते. आमच्या आईने दोन्ही लेकींना समोरासमोर बसवले आणि सांगितले की, एकीच्या घरात तीन आणि दुसरीच्या घरात एकही नाही, हे मला बघवत नाही. धाकटीला कोणी विचारले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिला विचारले, पण नाही म्हणता येईल अशा रीतीने विचारले नाही. तीन महिन्यांचे मूल दुपट्यात गुंडाळून गोंदियाहून चिखल्याला आले.

कागद काही झाला नाही, कारण होण्याची सोयच नव्हती. १९५६ चा दत्तकविधानाचा कायदा हिंदूंसाठी, आणि बौद्ध, जैन व शीख यांच्यासाठी. आम्हां ख्रिस्ती लोकांना १८९० च्या कायद्यान्वये फार तर पालकत्व मिळे, तेही मूल सज्ञान होईपर्यंत. पोटच्या मुलाचे सारे हक्क देणारे दत्तक आमच्यासारख्यांना खुले झाले ते बाल न्यायाच्या २००० च्या कायद्याने आणि त्यातील २००६ च्या दुरुस्तीने. तोवर आमच्या समाजात मुले दिली गेली आणि घेतली गेली, ती केवळ शब्दावर. शाळेच्या दाखल्यावर बाईचे नाव चढले. परंतु बाप्तिस्मा गोंदियाला झाला होता, आणि तिथल्या नोंदवहीत जे खरे तेच लिहिलेले होते.

१९८५ साली मुलाच्या प्रथम कम्युनियनसाठी बाप्तिस्म्याचा दाखला हवा होता. तो आणायला आम्ही गोंदियाला गेलो आणि हट्ट केला म्हणून पोराला बरोबर नेले. परतताना तुमसर रोडच्या फलाटावर तिरोडीची गाडी सुटण्यास अवकाश होता. आम्ही केळी घ्यायला गेलो आणि पिशवी त्याच्यापाशी ठेवली. परत आलो तो दाखला त्याच्या हातात. नऊ वर्षांचे पोर, नवे नवे वाचायला लागलेले. दुकानाच्या पाट्या, गाडीवरचे आकडे, काहीही सोडत नसे.

"मामा, इथं मावशीचं नाव कायले लिहिलं?"

चुकून लिहिले असे म्हणता आले असते. मास्तराला खोटे सांगता येत नाही असा आमचा त्या काळी अभिमान होता. तो तरी कुठे आडवा यावा! आम्ही त्याला शेजारी बसवले आणि सारे सांगितले, जसे धडा समजावून द्यावा तसे. त्याने दोनच प्रश्न विचारले. एक, गोंदियाच्या दादांना हे माहीत आहे का? दुसरा, मग आता मी कोणत्या गाडीत बसायचे? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. तिरोडीची गाडी फलाटाला लागली होती. गाडीत बसल्यावर आम्ही त्याला बजावले, "हे कोणाला सांगू नकोस. आईला तर मुळीच नको. तिला फार दुःख होईल." त्याने मान हलवली. चिखल्याला पोहोचलो तेव्हा बाई दारात उभी होती. तो धावत गेला नाही, हळू चालत गेला. ते आम्ही पाहिले आणि थकला असेल असे स्वतःला समजावले.

त्याने शब्द पाळला. चौतीस वर्षे पाळला. शाळा झाली, खाणीतच नोकरी लागली, लग्न झाले, बाईचे यजमान गेले, दोन मुले झाली. हा विषय त्याच्या तोंडून कधी निघाला नाही, आमच्याही नाही. आम्ही तर मनोमन अशी खात्री करून घेतली होती की तो ते विसरला. मुले विसरतात, असे मोठ्यांना वाटते तेव्हा विसरलेले बहुधा मोठेच असतात.

त्या नाताळच्या संध्याकाळी आम्ही दोघे बाजाराच्या बाजूने फिरायला निघालो. धानाच्या पोत्यांनी भरलेल्या बैलगाड्या जिथे पूर्वी रांगेने उभ्या राहात, तिथे आता ट्रॅक्टर उभे होते. बराच वेळ तो मुलांच्या शाळेचे, खाणीतल्या पाळ्यांचे काहीबाही बोलत राहिला. मग म्हणाला, "मामा, त्या सिनेमातला मामा बरा." आम्ही विचारले, बरा कसा? तर म्हणाला, "त्यानं सांगितलं अन् गेला. पोराले रडता आलं, पळता आलं, रुसता आलं. तुम्ही मले सांगितलं, ते चांगलं केलं. खरं ते खरं. पन 'कोणाले सांगू नको' म्हटलं, ते नाही म्हणायचं होतं. मी आईजवळ झोपत होतो अन् मले वाटे, मी झोपेत बोललो त?"

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर आम्ही काही बचाव केला असता. नऊ वर्षांच्या पोराच्या झोपेवर आम्ही पहारा बसवला होता, आणि इतकी वर्षे स्वतःस सत्यवचनी समजत होतो. सांगण्याबद्दलची टोचणी आम्हांला अधूनमधून होती. न सांगण्याची जी आज्ञा दिली, तिच्याबद्दल कधी काही वाटलेच नव्हते. बाईने पडद्यावरच्या मामाला जो दोष दिला त्याहून आमचा दोष निराळा होता, आणि तो तिच्या ध्यानात येण्याजोगा नव्हता. आम्ही त्याला विचारले, बाईला सांगू या का? तो म्हणाला, "आता नाही. आता तिचं वय झालं. आता माझ्याच मनानं नाही सांगत, तुमच्या म्हणण्यानं नाही."

बाई २०२१ मध्ये गेली. तिच्या अखेरच्या दुखण्यात तिची सारी सेवा त्याने केली. मातीच्या नंतर आठवड्याने त्याने धाकटीला एकटीला गाठले आणि फलाटावरची सारी हकिकत सांगितली. ती म्हणाली, "मले माहीत होतं. त्या वर्षीपासून तू माझ्याकडं पाहणंच सोडलं होतं." म्हणजे लपवणारे आम्ही दोघेच नव्हतो, तिसरीही होती. 'तेवढंच त खरं दाखवलं' या तिच्या वाक्याचा अर्थ आम्हांला तेव्हा लागला. पोराशी न बोलणारी ती पडद्यावरची बाई दगडाची नव्हती; एक शब्द निघाला तर मागचे सारे निघेल, या भयाने ती गप्प होती.

भावुक चित्रपटांची थट्टा करण्याचा एक प्रघात आहे. रडवणे सोपे, हसवणे कठीण, असे आम्हीही वर्गात पुष्कळदा म्हटले असेल. चॅप्लिनने १९२१ सालीच 'द किड'मध्ये टाकलेल्या पोराची कथा सांगून जगाला हसवले आणि रडवलेही, तरी थट्टा करणारे थांबले नाहीत. अश्रू हा कलाकृतीचा पुरावा नव्हे, हे आजही आम्हांला मान्य आहे. पण त्या दुपारी आमच्या खोलीत जी माणसे रडली त्यांच्यासाठी तो चित्रपट चहापर्यंत टिकला. आणि जी चार माणसे रडली नाहीत (एक उसासली, एक गप्प राहिली, एक हसला आणि एकाने चष्मा पुसला) त्यांच्यापासून तो अजूनही उठून गेलेला नाही. वर्तमानपत्रातील परीक्षणात हे येत नाही, आणि परीक्षणकर्त्यांचा त्यात काही अपराधही नाही.

२०२३ च्या दिवाळीत एक नवल घडले. १० नोव्हेंबर या एकाच दिवशी दोन चित्रपट लागले : 'नाळ'चा दुसरा भाग, ज्यात चैत्या आपल्या जन्मदात्या आईच्या गावी जातो, आणि सुजय डहाके यांनी नव्याने, मुद्दाम कृष्णधवल रंगांत काढलेला 'श्यामची आई'. दोघांनाही पुढे राष्ट्रीय पारितोषिके मिळाली. एकाला बालचित्रपटाचे, दुसऱ्याला मराठी चित्रपटाचे. भाच्याने बेत केला की सर्वांनी नागपूरला जावे आणि 'नाळ' पाहावा. त्याने धाकटीला मुद्दाम बरोबर घेतले. तो तिला अजूनही मावशीच म्हणतो, आणि तिलाही दुसरे काही ऐकायची सवय नाही.

तिकिटाच्या खिडकीपाशी गेल्यावर धाकटी अडून बसली. म्हणाली, मला श्यामची आई पाहायची आहे. दादाने लहानपणी उलटी पाहिली, मी तर झोपूनच गेले होते. भाच्याने एकदा तिच्याकडे पाहिले आणि काही न बोलता दोन निराळी तिकिटे काढली. तो, त्याची बायको आणि मुले एका पडद्यापुढे गेली. आम्ही दोघे म्हातारे दुसऱ्या. धाकटी सबंध चित्रपटभर ताठ बसून होती. श्याम पाण्याला भितो त्या ठिकाणी तिने आमच्या हाताला कोपर मारून आईची आठवण दिली. बाकी काही नाही.

बाहेर आलो तो भाच्याची धाकटी लेक धावत आली आणि दुसऱ्या पडद्यावरची गोष्ट सांगू लागली : चैत्याला तिथे बहीण असते, तिचे नाव चिमी, ती खूप गोड आहे, आणि असे आणि तसे. धाकटी खाली वाकून ऐकत होती. मध्येच तिने विचारले, "मंग ती आई बोलली का त्याच्याशी?"

"मी नाही सांगत," पोरगी म्हणाली. "तूच पाहा ना, आजी."

भाचा चार पावले पुढे उभा राहून गाडीच्या किल्ल्या खिशात चाचपीत होता. हे लिहून झाल्यावर आम्ही त्याला वाचून दाखवले. फलाटावरची केळी आपण घेतली होती का शेंगदाणे, एवढ्याच बाबतीत त्याचे आमच्याशी दुमत आहे.